सहा वेळचं दूध

चिठ्ठी माझीच होती. औषधाच्या खोक्यात कंपनीचा कागद असतो, पण तो बारीक इंग्रजीत, आणि आमच्या भागात गोठ्यात भिंग घेऊन कुणी बसत नाही. म्हणून मी स्वतः मराठीत एक चिठ्ठी लिहिली, शहापूरला तिच्या गठ्ठ्याने झेरॉक्स काढल्या आणि रबरबँड लावून प्रत्येक खोक्याला एकेक अडकवली. आमच्या साहेबांनी मीटिंगमध्ये ती सगळ्यांना वाचून दाखवली. तेव्हा माझी छाती फुगली होती, हे आधीच सांगून टाकतो.

मी जनावरांची औषधं विकतो. मुरबाडपासून किन्हवलीपर्यंत, तिथून डोळखांबच्या पाड्यांपर्यंत आणि इकडे शहापूर, असा माझा पट्टा. दुकानदारांना माल द्यायचा आणि सकाळी दूध संकलन केंद्रावर लोकांना गाठून कोणतं औषध कशासाठी ते सांगायचं, हे काम. लोक मला डॉक्टर म्हणतात. पहिल्या वर्षी दोन-तीनदा मी म्हटलं, ‘अहो, मी डॉक्टर नाही, विक्रेता आहे.’ मग सोडून दिलं. खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटायचं.

औषधांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. माझ्या लहानपणी घटसर्पाने एका आठवड्यात आमच्या वाडीतली निम्मी गुरं गेली होती. आता लस वेळेवर टोचली तर तशी वेळ येत नाही. जंताचं औषध पाजल्यावर महिनाभरात वासराच्या अंगावर चकाकी येते, तेव्हा मालकिणीच्या तोंडावरही येते. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याचा मला अभिमान आहे. चूक औषधाची नव्हती. चूक काय होती ते सांगतो.

गाईला दगडी होते. म्हणजे कास सुजते, दगडासारखी घट्ट लागते, दुधात गुठळ्या येतात आणि गाय हात लावू देत नाही. त्यावर एक ट्यूब मिळते. पेनिसिलिनच्या जातीचं औषध असतं, पुढे निमुळतं तोंड. धार पूर्ण काढून, सड स्वच्छ पुसून ती ट्यूब सडात सोडायची. तीन दिवसांत कास मऊ पडते. पण औषध दुधात उतरतं. शेवटची ट्यूब सोडल्यानंतर सहा वेळचं दूध, म्हणजे तीन दिवस सकाळ-संध्याकाळचं, माणसाच्या पोटात जायला नको. उकळलं तरी ते औषध जात नाही.

माझ्या पहिल्या चिठ्ठीत हे सगळं होतं. ‘औषध चालू असताना आणि त्यानंतर सहा वेळचं दूध पिऊ नये, कुणाला देऊ नये, डेअरीला घालू नये.’ महिनाभराने मुरबाडच्या एका दुकानदाराने मला गल्ल्यामागे बोलावून घेतलं. म्हणाला, “तुमी लोकांना लय भेव दाखवता. काल एक बाई ट्यूब परत ठेवून गेली. माणसाला जे चालत नाय ते माज्या गाईच्या अंगात कशाला, म्हनं. असं लिवलं तर माल कसा उठायचा?”

मी त्याच्याशी वाद घालू शकलो असतो. बाईला समजावणं हेच तर माझं काम होतं. पण महिनाअखेर जवळ आली होती आणि बाजूच्या कंपनीची ट्यूब काहीच न लिहिता खपत होती. डेअरीचं सांगणं मात्र भागच होतं, कारण केंद्रावर दुधाची तपासणी व्हायची आणि एका घरच्या दुधाने अख्खा कॅन परत यायचा. मग तक्रार आमच्यावर. मी दुकानाच्या बाकावर बसून नवी चिठ्ठी लिहिली. ‘सहा वेळचं दूध डेअरीला घालू नये.’ बाकीचं गाळलं. दुकानदार म्हणाला, “आता कसं सुटसुटीत झालं.” मलाही तसंच वाटलं.

माझी आत्या किन्हवलीच्या पुढे, डोळखांबकडे जाताना आत एका गावात राहते. नवरा गेला, मुलगी सासरी. भाताची थोडी जमीन वाट्याने दिलेली आणि दारात एक जर्सी गाय. गौरी-गणपती होऊन गेले होते. एका सकाळी तिचा फोन आला. “अरे, गाय लाथा झाडते. मागचा एक सड गरम लागतोय. येतोस काय?”

खरं तर मी म्हणायला हवं होतं की सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना बोलाव. त्यांचा नंबर माझ्याकडे होता. ते आले असते, बघितलं असतं आणि दुधाचं नीट सांगितलंही असतं. पण आत्यासमोर मीच डॉक्टर होतो. मी गाडीला पिशवी अडकवली आणि निघालो. गाय बांधली, धार काढली, कोमट पाण्याने सड धुतला, ट्यूब सोडली. उरलेल्या दोन कधी सोडायच्या ते आत्याला करून दाखवलं. तिचे हात माझ्यापेक्षा हलके, गाय तिच्यापुढे हललीसुद्धा नाही. निघताना खोक्यावरची चिठ्ठी काढून मी मेढीला खिळ्यात टोचली आणि बजावलं, “डेअरीला घालू नको हां इतक्यात. कॅन परत आला तर माझंच नाक कापलं जाईल.”

“नाय घालत रे,” ती म्हणाली. “एवडी काय मी येडी हाय?”

आत्या वेडी नव्हतीच. तिने डेअरीला थेंबभरही दूध घातलं नाही. पण आमच्याकडे दूध ओतून टाकत नाहीत. गाय व्यायली की चीक घरोघर जातो, आणि विकायचं नसलेलं दूध शेजारी जातं, हे आत्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं आणि मलाही माहीत होतं. मी तसल्याच घरात वाढलोय. शेजारून रिकामं भांडं परत यायचं तेव्हा त्यात तांदळाचे चार दाणे असायचे, ते मीच आणून दिलेत कितीदा. तरी त्या दिवशी माझ्या डोक्यात एवढंच होतं की कॅन परत यायला नको.

शेजारच्या घरात बाळंतीण होती. दोन महिन्यांचा मुलगा, ती जेमतेम तेवीस-चोवीसची, अंगाने बारीक. नवरा पास काढून कल्याणकडे गोदामात जायचा, सकाळी अंधारात निघून संध्याकाळी यायचा. घरात ती, सासू आणि बाळ. बाळंतिणीला दूध द्यावं यापरतं पुण्य ते काय, असं आत्याला वाटलं. तिने पहिल्या दिवशी संध्याकाळी लोटाभर दूध नेऊन दिलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत.

तिसऱ्या दिवशी गायीकडे बघायला म्हणून मी गेलो, तर शेजारच्या अंगणात बायका जमलेल्या. आत्या मला बघून धावत आली. शेजारच्या सुनेला सकाळी एकाएकी अंगभर गांध्या उठल्या, डोळे सुजून बंद झाले, ओठ सुजले आणि श्वास घेता येईना. गावातल्या जीपने तिला शहापूरला नेलं होतं.

“काय खाल्लं होतं?” मी विचारलं.

सासू ओटीवर बाळाला घेऊन बसली होती. “काल सुकट खाल्ली. मी सांगत व्हते, बाळंतपनात सुकट नको. आयकते कोन?”

“आणि सकाळी?”

“सकाळी काय? दूध प्याली नुस्तं. तुज्या आत्याकडचं.”

मी आत्याच्या घरात गेलो. चुलीवर पातेलं होतं. मी आत्याला म्हणालो, “हे दूध आता कुणाला देऊ नको. तूही पिऊ नको. ओतून टाक.”

“का रे?”

“गाईला ताप आहे,” मी म्हणालो. तिथे पहिलं खोटं बोललो.

शहापूरच्या सरकारी दवाखान्यात पोचलो तोवर इंजेक्शन देऊन तिचा श्वास जागेवर आला होता. नवराही कामावरून धावत आला होता. डॉक्टरीणबाई त्याला विचारत होत्या, काही औषध घेतलं होतं का, सुई टोचली होती का. तो नाही म्हणत होता. त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक जुनं कार्ड होतं. लहानपणी पेनिसिलिनच्या सुईने ती मरता मरता वाचली होती, तेव्हाचं. तिने ते कार्ड लग्नात माहेराहून दागिन्यांच्या डबीत ठेवून आणलं होतं. गरोदरपणात, बाळंतपणात, जिथे गेली तिथे आधी ते कार्ड दाखवायची. “बाई, तशी सुई कुनी नाय टोचली हो तिला,” तो सांगत होता.

“मग काहीतरी खाण्यात आलं असेल,” बाई म्हणाल्या. “शोधून काढा. पुन्हा झालं तर एवढा वेळ मिळेलच असं नाही.”

मी तिथेच होतो. चार हातांवर, भिंतीला टेकून. एक वाक्य बोलायचं होतं. मी घाबरलो. नोकरी जाईल, गावात आत्याचं नाव खराब होईल, नवरा माझी गचांडी धरेल, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी स्वतःला सांगितलं, आता ती वाचली आहे, बोलून काय होणार? मग नवऱ्याला चहा आणून दिला. तो मला म्हणाला, “तुमी आलात, लय आधार वाटला.” तो चहाचा कप त्याच्या हातात देतानाचा माझा हात मला अजून आवडत नाही.

त्यानंतर मी इतकं काम केलं की साहेब खूश झाले. नवी चिठ्ठी लिहिली, सगळं जसंच्या तसं घालून. पिऊ नये, कुणाला देऊ नये, बाळंतिणीला तर नाहीच. मुरबाड, किन्हवली, शहापूर, डोळखांब, एकेका दुकानात जाऊन जुन्या चिठ्ठ्या खोक्यांवरून काढून घेतल्या. मुरबाडचा दुकानदार पुन्हा कुरकुरला. मी त्याच्यावर असा ओरडलो की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. संकलन केंद्रांवर उभा राहून घसा बसेपर्यंत बोललो. ज्या एका घरी जायला हवं होतं तेवढं सोडून मी सगळीकडे गेलो.

दोनेक आठवड्यांनी आत्या फोनवर सहज म्हणाली, “शेजारी पोराला वरचं दूध लावलंय.”

“का? ती तर बरी झाली ना?”

“ती बरी हाय. पन सासू म्हनते, तिच्या अंगातच जहर झालंय, अंगावरचं पाजलं तर पोराला बाधेल. दवाखान्यातल्या बाईंनी पाज म्हनून सांगितलं व्हतं. पन घरात आयकतं कोन? तीबी भ्याली.”

मी ‘अरे अरे’ म्हटलं आणि फोन ठेवला. मला सगळं समजलं होतं. तिच्या अंगात काहीही झालं नव्हतं, हे जगात मला एकट्याला माहीत होतं. त्या दिवशी गाडी काढायला हवी होती. मी दुसऱ्या दिवशी मुरबाडला गेलो, मग गुरुवारी दुसरीकडे, मग दिवाळी आली. प्रत्येक रविवारी ठरवायचो आणि प्रत्येक सोमवारी काही ना काही काम निघायचं. काम मीच काढत होतो.

भाताची झोडणी चालू असताना आत्याचा परत फोन आला. “त्याच गाईची कास सुजलीय रे. दुसरा सड. त्या ट्यूबा घेऊन ये. लवकर ये हां, हिचंच दूध शेजारचं पोर पितं आता. दोन महिने झाले, दुसरं पचत नाय त्याला.”

मी बसलेला उठलो. ट्यूब दिली तर ते दूध बाळाच्या पोटात. नाही दिली तर गाय आडवी, आणि सुजलेल्या सडाचं दूध तरीही बाळाच्या पोटात. आता खोटं बोलून भागणार नव्हतं, म्हणून मी गेलो. मला शूर वगैरे कुणी समजू नये. आधी सरकारी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दुपारी येतो, तोवर काही करू नका.

आत्याला गोठ्यातच सांगितलं. ती शेणाची पाटी खाली ठेवून तिथेच बसली. मग म्हणाली, “मी माज्या हातानं दिलं न रे तिला. आनि तू मना आता सांगतोस?”

“चूक माझी आहे, आत्या. तुझी नाही.”

“तुजी कशी? लोटा तर मी नेला,” ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसायला लागली. ते बघून मला वाटलं की हे ओझंही मी तिच्याच डोक्यावर ठेवलं. तिला उठवून आम्ही दोघं शेजारी गेलो.

सून ओटीवर बाळाला बाटलीने पाजत होती. मुलगा चार महिन्यांचा झाला होता, पण मांडीत मावेल एवढाच. सासू आतून आली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ट्यूब, गाय, औषध दुधात उतरतं ते, तिचं कार्ड. सुकटीचा दोष नव्हता, तिच्या अंगाचा तर नव्हताच. अंगावरचं दूध पाजायला काही हरकत नव्हती. सासू एकदा माझ्याकडे आणि एकदा सुनेकडे बघत राहिली.

सून म्हणाली, “ती चिट्ठी मीच वाचून दाखवली व्हती आत्याला. त्यांना वाचता येत नाय. त्यात पिऊ नये असं नव्हतं, भावजी.”

“नव्हतं,” मी म्हणालो. “आधी होतं. मी काढून टाकलं.”

“का?”

“लोक औषध घेईनात म्हणून.”

तिने बाळाच्या तोंडाला लागलेलं दूध पदराने टिपलं. “तुमाला कधी कळलं, हे त्याच्यानं झालं ते?”

आत्या माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “त्याच दिवशी.”

ती रडेल किंवा ओरडेल असं मला वाटलं. तिने तसलं काही केलं नाही. खालच्या आवाजात म्हणाली, “तवा दूध व्हतं मला. धा-बारा दिवस पदर भिजायचा. हा रडला की आपोआप यायचं, आनि मी मागच्या दारी जाऊन पिळून टाकायची. तवा सांगायचं व्हतं.” सासू हे ऐकून आत निघून गेली.

मी म्हणालो, “वहिनी, मी काय करू सांगा.”

“गाईला औषध द्या. ती मुकी हाय, तिचं काय चुकलं? पन तंवर ह्याला काय पाजू?”

डॉक्टर आले, त्यांनी गाय बघितली, ट्यूब द्यावीच लागेल म्हणाले. त्यांना विचारून मी किन्हवलीला गेलो आणि बाळासाठी पावडरचा डबा घेऊन आलो. तिच्यापुढे ओटीवर ठेवला. तिने तो उचलून चारी बाजूंनी फिरवून बघितला. त्यावरचं बरंचसं इंग्रजीत होतं. मग तिने डबा माझ्या हातात परत दिला.

“वाचा,” ती म्हणाली. “मराठीत सांगा. सगळं वाचा, काय गाळू नका.”

मी खाली बसलो. पाणी किती उकळायचं, किती गार करायचं, किती चमचे, उघडल्यावर किती दिवस, आईचं दूध हेच बाळासाठी उत्तम, सगळं वाचलं. त्या ओळीवर मी थांबलो. ती म्हणाली, “फुडं.” मी पुढचं वाचलं.